उभं राहायची जागा

नवा कॅमेरा घरात आला की पहिला मोह होतो तो लगेच फोटो काढत सुटायचा. आज तो मोह थोडा लांबवू या. बॅटरी चार्ज झालेली असू दे. खोकं, पट्टा, हमीपत्र बाजूला ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. खिडकीजवळ खुर्ची ओढा. सकाळ असेल तर उत्तम, दुपार असली तरी बिघडत नाही. दिवा न लावता दिसावं इतका उजेड पुरे.

सुरुवात एका सवलतीपासून करू. हौशी माणसाच्या फोटोची कुणीही वाट पाहत नसतं. लग्नाचं काम घेतलेल्या फोटोग्राफरला अंतरपाट दूर होतानाचा क्षण चुकवून चालत नाही. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रकाराला अंक छापायला जाण्याआधी फोटो द्यावाच लागतो. तुम्हाला मात्र सगळं चुकवायची मुभा आहे. पुढच्या तासाभरात एकही फोटो निघाला नाही तरी कुणाचं काही अडणार नाही. हे मनातल्या मनात एकदा नीट म्हणा. खांदे थोडे खाली येतील.

समजू या की तुमच्यासमोर मायक्रो फोर थर्ड्स जातीचा एक छोटा मिररलेस कॅमेरा आहे. सोबत आलेली १४ ते ४२ मिलिमीटरची किट झूम आहे आणि हौसेने वेगळी घेतलेली २५ मिलिमीटरची प्राइम लेन्स आहे. तुमचा कॅमेरा दुसऱ्या जातीचा असेल तर पुढचे काही आकडे बदलतील, बाकी काही बदलणार नाही.

एक प्रश्न सोबत घेऊन बसू. हे यंत्र चेहरा ओळखतं, फोकस करतं, उजेड मोजतं, रंग ठरवतं. मग माझ्याकडे काय उरलं? उत्तराची घाई नको. प्रश्न मांडीवर ठेवा आणि कॅमेरा हातात घ्या.

* * *

कॅमेरा अजून सुरू करू नका. उजव्या मुठीत बॉडी, डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. वजन जाणवू द्या. लेन्ससकट अर्धा किलोच्या आसपास असेल. आता तो डोळ्याशी न्या आणि तिथेच ठेवा.

श्वासाकडे लक्ष द्या. श्वास आत येताना कॅमेरा किंचित वर उचलला जातो, बाहेर जाताना खाली येतो. श्वास सोडून झाला की पुढचा सुरू होण्याआधी एक लहानशी विश्रांती असते. हातातली वस्तू तेवढ्यापुरती जवळजवळ स्थिर होते. मुरलेले छायाचित्रकार बटण दाबायला सांगतात ते याच विश्रांतीत. आपल्याला दाबायचं नाही. ती विश्रांती कुठे येते, तेवढं ओळखायचं. चार-पाच श्वास तसेच जाऊ द्या.

छोट्या कॅमेऱ्याचा आणि श्वासाचा संबंध तसा जुना आहे. जर्मनीतल्या वेट्झलार गावात, लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ काम करत. त्यांना दमा होता आणि डोंगरात भटकून फोटो काढायची आवडही होती. त्या काळचा काचेच्या प्लेटांचा कॅमेरा, त्याचं खोकं आणि तिवई घेऊन चढ चढणं त्यांना झेपेना. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून, ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट घेणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी बनवला. पहिला नमुना १९१४ च्या सुमाराचा. मध्ये महायुद्ध झालं, आणि १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. लेन्स बदलता येईल अशी सोय १९३० साली झाली. तुमच्या हातातल्या वस्तूचं कूळ तिथवर जातं. अपुऱ्या श्वासाच्या एका माणसाला ओझं कमी करून हवं होतं, कारण त्याला जिथे जायचं होतं तिथे पायांनी जायचं होतं.

ओझं कमी करण्याचं काम यंत्रं तेव्हापासून करतच आली आहेत. आता तर हाताचा कंपही ती सांभाळतात. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत सेन्सर विद्युतचुंबकांच्या जोरावर अधांतरी हलता ठेवलेला असतो. हात इकडे थरथरला की ती थरथर रद्द होईल इतकाच तो सरकतो. पाच प्रकारच्या हालचाली अशा सावरणारा पहिला कॅमेरा ऑलिंपसने २०१२ साली आणला. आधी शटरच्या अमुक वेगाखाली हातात धरून फोटो काढायचा नाही, असा नियम होता. त्या नियमाची धार आता पुष्कळ बोथट झाली आहे.

म्हणजे हाताची थरथर यंत्राने घेतली. प्रश्नाच्या उत्तरातून एक गोष्ट वजा झाली. पुढे जाऊ.

* * *

कॅमेरा बंद आहे ना, याची खात्री करा. माउंटशेजारचं बटण दाबून लेन्स फिरवा आणि उतरवा. तोंड जमिनीकडे धरा, म्हणजे धूळ आत पडणार नाही. पंखा चालू असेल तर बंद करा. आता अगदी थोडा वेळ, हात न लावता, कॅमेरा जरासा तिरपा करून आत बघा.

एक चमकता आयत दिसेल. १७.३ मिलिमीटर रुंद, १३ मिलिमीटर उंच. हा सेन्सर. क्षेत्रफळाने बार्नाक यांच्या चौकटीच्या जवळपास चौथाई. तुम्ही आजवर डीएसएलआर पाहिला असेल तर लक्षात येईल की इथे काहीतरी नाही. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये तिरपा उभा असणारा आरसा नाही. तो आरसा लेन्समधून आलेला उजेड वर डोळ्याकडे वळवायचा आणि फोटोच्या क्षणी खटकन वर उचलला जायचा. त्याला हलायला जागा लागायची. आधीच्या फोर थर्ड्स पद्धतीत माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ३८.६७ मिलिमीटर होतं. २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी आरसा काढला आणि ते १९.२५ वर आलं. कॅमेरा लहान झाला तो हे अंतर घटल्यामुळे.

आता टोपण लावा आणि डोळे मिटा. जे पाहिलं त्याचा विचार करू.

त्या चमकत्या आयतावर दीड-दोन कोटी खण आहेत. एका खणाला रंग कळत नाही, आपल्यावर किती उजेड पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक खणावर एका रंगाची गाळणी बसवलेली असते. दर चार खणांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. लाल गाळणीखालच्या खणाला हिरव्याचा आणि निळ्याचा पत्ता नसतो. घरातलं विरजण संपल्यावर शेजारी वाटी घेऊन जावं, तसा तो आपले उरलेले दोन रंग आजूबाजूच्या खणांकडून मागून घेतो. म्हणजे जास्वंदीच्या फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन-तृतीयांश प्रत्यक्ष मोजलेले नसतात, हिशोबाने काढलेले असतात.

हे ऐकून फसवणूक झाल्यासारखं वाटण्याचं कारण नाही. हिशोब उत्तम असतो आणि जास्वंद जास्वंदीसारखीच दिसते. पण आपल्या प्रश्नासाठी इथे एक धागा मिळतो. फोटोतल्या बऱ्याच गोष्टी यंत्र अंदाजाने भरू शकतं. रंग भरतं, दाणेदार ठिपके पुसतं, अंधारातला तपशील वर आणतं. अंदाजाने भरता येत नाही ती गोष्ट कोणती? त्या क्षणी लेन्स जिथे होती, ती जागा. समोरच्या प्रत्येक वस्तूवरून निघालेला उजेड त्या एका ठिकाणी येऊन पोचला. वीतभर डावीकडे असतात, तर वेगळे किरण आत आले असते. कशामागे काय लपलं आणि कशाशेजारी काय आलं, हे त्या जागेने ठरवलं. सेन्सर लहान असो की मोठा, ही गोष्ट प्रत्येक फोटोत असते.

डोळे उघडा. याची प्रचीती घेऊ.

* * *

टेबलावर एक स्टीलचा तांब्या ठेवा, असा की त्याच्या मागे खिडकी असेल आणि खिडकीबाहेर एखादं झाड. किट झूम चढवा. तांब्यापासून साधारण एक मीटरवर, तांब्याच्याच उंचीला कॅमेरा धरून बसा. झाड तुमच्यापासून अकरा मीटरवर आहे असं समजू. आता कॅमेरा सुरू करा. लेन्स १४ वर ठेवा. तांब्या लहान दिसेल, खिडकी, पडदा, भिंत सगळं आत येईल. तांब्याच्या काठाला झाडाचं नेमकं कोणतं पान टेकलंय, ते शोधा. ते पान लक्षात ठेवा.

जागचं न हलता झूम ४२ पर्यंत न्या. तांब्या तिप्पट मोठा झाला. झाडही तिप्पट झालं. ते पान? अजून त्याच काठाला टेकलेलं आहे. खिडकी आणि भिंत चौकटीबाहेर गेली, पण आत जे राहिलं त्याचं एकमेकांशी नातं तसूभरही बदललं नाही. पुन्हा १४ वर या, पुन्हा ४२ वर जा. सावकाश करा. लेन्स काय करते आणि काय करत नाही, ते डोळ्यांना पटू द्या. समोरच्या दृश्यातला किती भाग कापून घ्यायचा, एवढं लेन्स ठरवते. दृश्य ती ठरवत नाही.

आता १४ वर राहून उठा आणि एक मीटर मागे जा. अंतर दुप्पट झालं, तांब्या निम्मा झाला. झाडाचं अंतर अकरावरून बारा मीटर झालं. त्याला काही फरकच पडला नाही म्हटलं तरी चालेल. ते पान काठापासून सुटलं. मघाशी तांब्याआड असलेली फांदी उघडी पडली. इथूनच झूम २८ वर न्या. तांब्या पहिल्याइतका मोठा दिसेल, पण त्यामागचं झाड पावणेदोनपटीहूनही मोठं होऊन खिडकीला येऊन भिडलेलं असेल. तांब्या तोच, झाड तेच, चौकटही तेवढीच. बदलली ती तुमची जागा.

इथे थोडं थांबा. छायाचित्रणातले बरेच गैरसमज या ठिकाणी गळून पडतात. वाइड लेन्स चेहरा बिघडवते, टेलिफोटो मागचा डोंगर जवळ ओढते, असं आपण सर्रास म्हणतो. मोबाइलवरच्या सेल्फीत नाक मोठं आलं की दोष लेन्सला देतो. पण नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत दहा-बारा सेंटिमीटरचं अंतर असतं. कॅमेरा तीस सेंटिमीटरवर असेल तर कान नाकापेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने लांब पडतो, आणि त्या प्रमाणात लहान दिसतो. कॅमेरा दीड मीटरवर नेला की तेच दहा-बारा सेंटिमीटर नगण्य होतात आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. लेन्सचा दोष एवढाच, की वाइड असल्याने तिने आपल्याला इतकं जवळ जाऊ दिलं.

एकाच बॉडीवर अनेक लेन्सा लावता येतात, हे या कॅमेऱ्याचं मोठं आकर्षण. दुकानदार प्रत्येक लेन्स नवी नजर म्हणून दाखवतो. तांब्या आणि पान पाहिल्यावर त्या बोलण्याकडे जरा सबुरीने बघता येतं. लेन्स नवी चौकट देते. नजर बदलायची तर उठावं लागतं.

* * *

आता २५ मिलिमीटरची प्राइम लावा. तिला झूम नाही. तिच्यात सुमारे ४७ अंशांचा कोन मावतो. जवळ हवं असेल तर चालत जायचं, लांब हवं असेल तर मागे सरायचं. सुरुवातीला अडचण वाटेल. ती तशीच राहू द्या. मघाशी लेन्सकडे सोपवलेलं काम आता पायांकडे आलं आहे.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. समोर दिसतं ते थेट जग नाही. सेन्सरवर पडलेल्या उजेडाचं, सेकंदाला साठ-एकशेवीस वेळा ताजं होणारं छोटंसं चित्र आहे. उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवा. खोली उजळते, मग अंधारते. खोलीला अर्थातच याचा पत्ता नाही. बदलतो आहे तो होऊ घातलेला फोटो. आरशाच्या कॅमेऱ्यात परिणाम नंतर दिसायचा. फिल्मवर तर कित्येक दिवसांनी. इथे बटण दाबण्याआधीच तो डोळ्यांसमोर आहे.

या सोयीचा एक वेगळा उपयोग करू. ॲपर्चर एफ ८ वर ठेवा. २५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये त्याचं भोक तीन मिलिमीटरच्या आसपास होतं. भर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली साधारण एवढीच आकसते. बरंच जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसेल. धूसर पार्श्वभूमीची सजावट आता मदतीला नाही. कॅमेरा डोळ्याशी धरून खोलीत चाला. दर दोन पावलांवर थांबा. दाराच्या चौकटीमागे काय आलं? खुर्चीच्या पाठीला कोणती रेघ चिकटली? देव्हारा आणि शेजारचं कॅलेंडर एकमेकांना छेदतात की सुटे आहेत? गुडघ्यावर बसा. आता काय सुटं झालं? बटण दाबू नका. फोटो समोर दिसतोच आहे. तो घेतला नाही म्हणून तो दिसायचा राहत नाही.

दुसरा डोळाही उघडा ठेवून बघा. जमायला वेळ लागतो. एका डोळ्यात चौकटीतलं चित्र, दुसऱ्यात चौकट नसलेली खोली. मन आधी गोंधळतं, मग दोन्हींना जागा करून देतं. चौकटीत पुढे काय शिरणार आहे, ते उघड्या डोळ्याला आधी कळतं. रस्त्यावर आणि बाजारात याचा फार उपयोग होतो. चला, बाजारातच जाऊ.

* * *

पुण्यात असाल तर महात्मा फुले मंडईत चला. इतरत्र असाल तर आपल्या गावच्या बाजारात, तिथेही हेच करता येईल. मंडईची जुनी दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. मध्ये अष्टकोनी उंच भाग आणि त्याला फुटलेल्या लांब पाखा. सकाळी वरून झिरपणारा उजेड खाली येईतो मऊ होतो. सराव करायला यापरती जागा नाही, आणि त्याचं एक कारण तिथले ओटे आहेत. विक्रेते ओट्यावर, भाजीच्या ढिगांच्या वरच्या अंगाला बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं असतं. उभ्याने कॅमेरा डोळ्याशी नेलात तरी तुम्ही बसलेल्या माणसाकडे मान वर करून बघत असता. रस्त्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईचा फोटो उभ्याने काढला तर तीच बाई खाली, लहान, दबलेली दिसते. इथे ती तिच्या दुकानाची मालकीण दिसते. लेन्स तीच, उजेडही तोच असला तरी. उंचीतल्या एक-दोन फुटांच्या फरकात किती काही बोललं जातं, हे या ओट्यांपुढे उभं राहून समजून घ्या.

आता अंतराचा विचार करा. तुमच्या २५ मिलिमीटरच्या लेन्समधून, दीड मीटरवरून, सुमारे एक मीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो. माणूस कमरेपासून वर आणि त्याच्या हाताशी असलेलं सामान. दीड मीटर म्हणजे काय? आवाज न चढवता बोलता येईल असं अंतर. या लेन्सने कुणाचाही नीट फोटो काढायचा तर त्याच्याशी बोलायच्या अंतरावर जावंच लागतं. आणि त्या अंतरावर गेल्यावर न बोलणं विचित्र दिसतं.

"मावशी, एक फोटो काढू का?"

"काढ की. पण नुसता उभा राहू नको, गिऱ्हाइकाची वाट अडते. मटार घे अर्धा किलो."

असं काहीबाही होईल. मटार घ्या. किंवा मावशी नको म्हणतील. मग कॅमेरा खाली करा, मटार तरीही घ्या आणि पुढे चला. लांबच्या लेन्सने हा प्रसंग टळला असता. पलीकडच्या खांबाआडून तुम्ही चेहरा टिपला असता आणि मावशींना कळलंही नसतं. त्या फोटोतही तुमची जागा उमटली असतीच. आवाज पोचणार नाही इतक्या लांब उभ्या असलेल्या माणसाची जागा. बघणाऱ्याला ती नेमकी सांगता येत नाही, पण जाणवते. पक्ष्याच्या फोटोत तीच योग्य जागा असते. भाजीवालीच्या फोटोत ती योग्य आहे का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. यंत्र या निर्णयात भाग घेत नाही.

आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग हाती आला. माझ्याकडे उरते ती उभं राहायची जागा.

* * *

दुसरा भाग वेळेचा. मंडईतच, कुणाच्या वाटेत येणार नाही असा एक कोपरा धरा आणि तिथेच थांबा. पाठ भिंतीला, कॅमेरा छातीशी. एक साधा हिशोब करा. समजा वर्षभरात तुम्ही दोन हजार फोटो काढले आणि प्रत्येकाला सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग लागला. सगळ्यांची बेरीज सोळा सेकंद होते. एका वर्षाच्या हौसेचा ऐवज सोळा सेकंद. बाकीचा सगळा वेळ बघण्याचा, चालण्याचा, थांबण्याचा. हौस ती कशाची करायची, त्या सोळा सेकंदांची की उरलेल्या वर्षाची, याचा विचार करायला हा कोपरा चांगला आहे.

आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल, तर एखाद्या वेळी चित्रावर आडवे काळे पट्टे दिसतील. कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद होतात आणि उजळतात. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून त्याला कळतं. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणा. पट्टे जातील. आपण ज्याला एकसारखा उजेड म्हणतो त्यालाही नाडी असते, हे त्या निमित्ताने लक्षात येतं. ठोक्यांशी जुळवून घेतलं की चित्र शांत होतं.

थांबण्याचाच विषय आहे, आणि पिशवीत मटार आहेत, तर दादासाहेब फाळके आठवणं साहजिक आहे. सिनेमा काढण्याआधी ते छायाचित्रणाचा व्यवसाय करत. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. विषय होता कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ. कुंडी एका जागी, कॅमेरा एका जागी. ठरावीक अंतराने थोडी थोडी फिल्म टिपायची आणि पुन्हा वाट पाहायची. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. हिंदुस्थानी चित्रपटाच्या त्या आरंभाला नट नव्हते, नेपथ्य नव्हतं. नीट निवडलेली एक जागा होती आणि ती न सोडण्याचा धीर होता.

तुमच्या कोपऱ्यातही तोच धीर लागतो. आधी चौकट शोधा. समोरच्या दोन खांबांमधली वाट, पलीकडे टोमॅटोचा ढीग, वरून येणारी उजेडाची तिरीप. चौकट चांगली आहे पण रिकामी आहे. कॅमेरा फिरवू नका, जागा सोडू नका. हमाल येईल, डोक्यावर पाटी असेल. तो तिरिपेत येईल किंवा बाजूने जाईल. एखादी मुलगी आजीचा हात धरून येईल. आजी मध्येच थांबून घेवड्याची शेंग मोडून बघेल. मांजर येईल. कधी कधी कुणीच येणार नाही. सुरुवातीला हात शिवशिवतील, मग कंटाळा येईल. कंटाळ्याच्या पलीकडे डोळे हळूहळू बारीकसारीक पाहू लागतात. तराजूच्या पारड्यावरचा उजेड, कोथिंबिरीवर मारलेलं पाणी, पैसे मोजणारी ओली बोटं. हवं ते घडेल तेव्हा मघाचा श्वास आठवेल. सोडा, आणि त्या विश्रांतीत बटण दाबा. एकदाच.

* * *

घरी आल्यावर लगेच मोठ्या पडद्यावर फोटो उघडू नका. आधी आठवणीने सांगून बघा की कुठे उभे होतात, डावीकडे काय होतं, किती वेळ थांबलात. मग फोटो बघा. आठवण आणि फोटो यांत तफावत असेल. ती टिपून ठेवा, दुरुस्त करू नका. रंग, सावल्या, धार हे सगळं संगणकावर नंतर बदलता येतं. तुम्ही एक पाऊल डावीकडे असायला हवं होतं, हे नंतर कसंही भरून काढता येत नाही. ते पुढच्या वेळी पायांनीच करावं लागतं.

कॅमेरा नीट ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दमट, अंधाऱ्या कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. हवेत, उजेडात वरचेवर बाहेर पडणारी लेन्स सहसा वाचते. म्हणजे लेन्सच्या प्रकृतीसाठीही तिला फिरायला नेणं चांगलं.

आणि दुसऱ्या लेन्सचं काय? तो विचार येणारच. कॅमेरा बनवलाच आहे तसा. काही जागी पाय खरोखर पोचत नाहीत. नदीपलीकडच्या झाडावरचा धनेश, मुंगीच्या मिशा, मागे सरायला जागाच नसलेला वाड्याचा चौक. तिथे वेगळी काच लागते आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. पण त्याआधी एवढं करा. फोटो मनासारखा येत नसेल, तर दोन पावलं पुढे जा, दोन मागे या, एकदा गुडघ्यावर बसा, आणि मग तिथेच पाव तास थांबा. इतकं करूनही अडलं, तर अडचण काचेची आहे असं समजायला हरकत नाही. पैसे साठवायला लागा.